२२ मिनिटांचा कंटाळा : मुलांचं लक्ष आणि चंचलपणा यंत्र कसं मोजतं?

माझा मुलगा तिसरीत असताना त्याची लक्ष मोजण्याची चाचणी झाली. छोटीशी खोली, कोऱ्या भिंती, खिडकीवर ओढलेला पडदा. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या हातात एक बटण. पडद्यावर एक चौकोन क्षणभर चमकायचा आणि नाहीसा व्हायचा. त्या चौकोनाच्या पोटात आणखी एक छोटा चौकोन असायचा, कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या. वर असला की बटण दाबायचं, खाली असला की हात आवरायचा. एवढंच काम. दर दोन सेकंदांनी एक चौकोन, असे एकूण ६४८. वेळ साधारण २२ मिनिटं. ना गुण दिसत, ना शाबासकीचा आवाज, ना पुढची लेव्हल.

बाहेर येऊन तो म्हणाला, "आई, इतकं बोअर जगात काही नसेल." मी त्याची समजूत घालायला लागले. तो कंटाळा चाचणी बनवणाऱ्यांनी विचार करून, मोजून मापून घातलेला असतो, हे मला पुष्कळ पुढे, वाचायला लागल्यावर कळलं. तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तर हातात पडलेला रिपोर्ट बघून मी दोन रात्री जागून काढल्या नसत्या. म्हणून हा लेख.

आधी, जो आजार ओळखायला अशी चाचणी मदत करते, त्याच्या नावाबद्दल. त्याचं इंग्रजी नाव 'अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', आद्याक्षरांवरून त्याला एडीएचडी म्हणतात. मराठीत 'अतिचंचलता' हा शब्द रुळला आहे, पण त्यात अर्धंच नाव आलं. मूळ नावात दोन गोष्टी आहेत : लक्ष न टिकणं आणि अतिचंचल, उतावीळ असणं. काही मुलांत दोन्ही असतं, काहींत एकच. वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीशेजारी शांत बसून भलतीकडेच हरवलेली मुलगी कुणाला दिसत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं 'हुशार आहे, पण वेंधळी आहे' एवढंच येत राहतं. अतिचंचलता हा शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि मला वाटतं मुलींचं निदान उशिरा होण्यात या शब्दाचाही थोडा वाटा असावा.

"मोबाइलवर तासभर बसतो की!"

हा प्रश्न आमच्याकडे सासूबाईंनी विचारला, शाळेत बाईंनी विचारला आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात होता. ज्याचं लक्ष टिकत नाही तो गेम खेळताना जेवायलासुद्धा उठत नाही, हे कसं?

लक्ष दोन प्रकारचं असतं असं समजा. एक ओढलं जाणारं, एक द्यावं लागणारं. बाहेर फटाका वाजला की मान आपोआप वळते. तिथे आपण काही करत नाही, फटाका करतो. गेममध्ये दर काही सेकंदांना रंग, आवाज, नाणी, जिंकणं, हरणं असे फटाके फुटत असतात. तिथे लक्ष ओढलं जातं. पण सतराचा पाढा लिहिताना कुणीही ओढत नाही. तिथे मुलाला स्वतःच आतून लक्ष पुरवत राहावं लागतं आणि ते सटकलं की परत आणून जागेवर बसवावं लागतं. एडीएचडी असलेल्या मुलाचं ओढलं जाणारं लक्ष बहुधा शाबूत असतं. अडतं ते दुसऱ्या ठिकाणी.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये मार्क रॅपोर्ट यांच्या प्रयोगशाळेत हे फार छान दाखवलं गेलं. अशा मुलांना एका साहसी चित्रपटातला प्रसंग दाखवला, तेव्हा ती बऱ्यापैकी स्थिर बसली. मग गणिताचा धडा शिकवणारा व्हिडिओ लावला. तीच मुलं खुर्चीत वळवळायला लागली, खुर्ची गोल फिरवायला लागली, पाय हलवायला लागली.

आता चाचणी बनवणाऱ्याच्या जागी बसून बघा. द्यावं लागणारं लक्ष मोजायचं असेल तर ओढणारं सगळं काढून टाकावं लागेल. रंग नको, गोष्ट नको, बक्षीस नको, अवघडपणाही नको, कारण अवघड कोड्यातही एक ओढ असते. उरतो तो चौकोन. मुलगा म्हणाला तसा, जगातला सर्वांत बोअर चौकोन.

रडारपासून बालरोग विभागापर्यंत

ही कल्पना आली युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवरचे लोक तासन् तास पडद्याकडे बघत बसायचे आणि मधूनच एखादी खूण त्यांच्या नजरेतून निसटायची. माणसं अनुभवी होती, डोळे चांगले होते, तरी निसटायचं. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकायचा आणि कधीतरी एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी दिसली की कळवायचं, असं दोन तास. १९४८ साली त्यानं हे काम प्रसिद्ध केलं. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांची नजर ढिली पडते असं त्यात दिसलं. हे प्रौढ, निरोगी, शिस्तीतल्या सैनिकांबद्दल आहे. लक्ष ढळणं हा माणसाचा धर्म आहे. प्रश्न असतो तो किती लवकर आणि किती जास्त ढळतं याचा.

१९५६ साली अमेरिकेत हाल्डोर रोसवोल्ड, अ‍ॅलन मिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सलग कामगिरीची चाचणी' मांडली. एकामागून एक इंग्रजी अक्षरं दिसायची आणि एक्स आला की बटण दाबायचं. त्याहून कठीण प्रकारात एक्सच्या आधी ए आला असेल तरच दाबायचं. तेव्हा अतिचंचल मुलं त्यांच्या मनात नव्हती. मेंदूला इजा झालेली माणसं ओळखता येतात का, हे त्यांना बघायचं होतं. पुढे हीच चाचणी मुलांकडे आली आणि तिची घराणी तयार झाली. कीथ कॉनर्स यांनी ती उलटी केली : प्रत्येक अक्षराला बटण दाबा, फक्त एक्स आला की थांबा. १४ मिनिटं, ३६० अक्षरं. इथे हात सतत चालू असतो आणि मधेच ब्रेक लावावा लागतो. म्हणून उतावीळपणा त्यात चांगला पकडला जातो. लॉरेन्स ग्रीनबर्ग यांच्या टोव्हा चाचणीत अक्षरंच नाहीत, वर सांगितलेले चौकोन आहेत. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात दाबायचे चौकोन क्वचित येतात, दुसऱ्या अर्ध्या भागात सारखे येतात. पहिला भाग पेंग आणणारा, दुसरा भाग हात सुटायला लावणारा.

अक्षरं की चौकोन, हा फरक आपल्याकडे महत्त्वाचा आहे. मराठी माध्यमात शिकणाऱ्या, इंग्रजी अक्षरं अजून झटकन ओळखता न येणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षरांची चाचणी दिली, तर मोजलं काय जाईल? लक्ष की इंग्रजी? आकृत्यांची किंवा चित्रांची चाचणी त्याच्यासाठी जास्त न्याय्य.

रिपोर्टमधले आकडे

बहुतेक सगळ्या चाचण्यांच्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी असतात. पहिली, किती वेळा दाबायला हवं असताना दाबलं नाही. ही निसटलेली लक्ष्यं, यांचा संबंध लक्ष ढळण्याशी लावतात. दुसरी, किती वेळा दाबायला नको असताना दाबलं. हा उतावीळपणा. तिसरी, दाबायला सरासरी किती वेळ लागला, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. या तिन्ही समजायला सोप्या.

चौथीवर जरा थांबू, कारण माझ्या मते सगळ्यात बोलकी तीच आहे आणि रिपोर्ट वाचताना आईबाप नेमकी तीच ओलांडून जातात. तिला प्रतिसादाच्या वेळेतली चढउतार म्हणतात. आमच्या गावाला दोन एसटी येतात असं धरा. एक रोज दहा मिनिटं उशिरा येते. दुसरी एके दिवशी वेळेवर, एके दिवशी पाच मिनिटं आधी, एके दिवशी पस्तीस मिनिटं उशिरा. महिन्याची सरासरी काढली तर दोघींचा उशीर सारखाच निघेल. पण पहिलीच्या भरवशावर तुम्ही नोकरी करू शकता, दुसरीच्या नाही. एडीएचडी असलेली पुष्कळ मुलं दुसऱ्या एसटीसारखी असतात. पाच वेळा झटकन, अचूक बटण दाबतील, सहाव्या वेळी मन कुठेतरी गेलेलं असेल आणि हात अर्धा सेकंद उशिरा येईल. सरासरी बघितली तर त्यांच्यात काही वेगळं दिसणार नाही.

"काल तर हेच गणित बरोबर केलं होतंस, आज काय झालं? मुद्दाम करतोस!" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन. ज्या मुलाला येतं पण रोज येत नाही, त्याला आपण आळशी ठरवतो, कारण एकदा तरी येताना आपण पाहिलेलं असतं. चढउताराचा तो एक आकडा मला त्या वाक्याबद्दल फार काही सांगून गेला.

हे आकडे नुसते वाचून उपयोग नसतो, ते त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी ताडून बघतात. शाळेच्या मैदानावर एका वयाची १०० मुलं उंचीप्रमाणे उभी केली तर बहुतेक मधे गर्दी करतील आणि दोन्ही टोकांना थोडी उरतील. लक्षाचंही तसंच. काही चाचण्या मधल्या जागेला शून्य म्हणतात आणि तिथून किती लांब आहे ते सांगतात. काही मधल्या जागेला १०० म्हणतात. शून्याच्या पद्धतीत दीडच्या पुढचा आकडा आला की डॉक्टर भुवया उंचावतात. पण रांगेच्या गणितानंच, कसलाही त्रास नसलेल्या १०० मुलांपैकी सहा-सात मुलं तरी दीडच्या पलीकडे उभी असणार. एक आकडा लाल रंगात छापलेला दिसला म्हणजे निदान झालं असं होत नाही, याचं कारण इतकं साधं आहे.

आणि ही १०० मुलं कुठली? या चाचण्यांचे तुलनेचे आकडे मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या मुलांवरून काढलेले आहेत. ज्या मुलानं कॉम्प्युटरचं बटण कधी दाबलेलं नाही, त्याची तुलना कुणाशी होते आहे हे क्लिनिकमध्ये विचारायला संकोचू नये.

कपाळावरचा चेंडू

लक्ष असं मोजलं. चुळबुळ कशी मोजायची?

बोस्टनजवळच्या मॅकलिन रुग्णालयात मार्टिन टायकर यांनी यासाठी इन्फ्रारेड कॅमेरा वापरला. मुलांना प्रकाश परतवणाऱ्या लहानशा खुणा लावल्या, कॉम्प्युटरवरच्या कंटाळवाण्या कामाला बसवलं आणि त्या खुणा सेकंदाला ५० वेळा टिपल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांचं डोकं इतर मुलांच्या दुपटीहून जास्त वेळा हललं आणि तिपटीहून जास्त अंतर फिरलं. 'एका जागी ठरत नाही' हे आजीचं वाक्य असं मोजपट्टीवर आलं.

आज याच कल्पनेवरची सर्वांत चर्चेतली चाचणी स्वीडनमधल्या क्यूबीटेक कंपनीची क्यूबीटेस्ट आहे. मुलाच्या डोक्याला पट्टा, पट्ट्यावर कपाळाच्या बाजूला छोटा चकचकीत चेंडू, समोर कॅमेरा. पडद्यावर करडं वर्तुळ आलं की बटण दाबायचं, वर्तुळात फुली असली की नाही. लहान मुलांना १५ मिनिटं. मोठ्या मुलांना २० मिनिटं आणि काम थोडं कठीण : आत्ताची आकृती रंगानं आणि आकारानं आधीच्या आकृतीसारखीच असेल तरच दाबा. म्हणजे मागचं डोक्यात धरून ठेवायचं आणि पुढचं बघायचं. शेवटी रिपोर्टमध्ये चेंडूनं काढलेली रेघ छापून येते. एखाद्या मुलाची रेघ मधोमध छोट्या ठिपक्यासारखी गोळा झालेली असते, एखाद्याची सगळ्या चौकटीभर, लहान भावानं पेन घेऊन गिरगटल्यासारखी. ते चित्र आईबापांना आकड्यांपेक्षा लवकर समजतं. मुलालाही समजतं, आणि म्हणून ते त्याला दाखवताना आपला चेहरा कसा आहे याची काळजी घ्यायला हवी.

चुळबुळीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रॅपोर्ट यांच्याच प्रयोगशाळेत असंही दिसलं की डोक्यात काही धरून ठेवण्याचं काम वाढलं की या मुलांची हालचालही वाढते, आणि हालचाल चालू असताना त्यांच्यातल्या अनेकांचं काम जास्त चांगलं होतं. हालचालीनं मेंदूला जागं ठेवलं जात असावं असं त्यांचं म्हणणं. पाढे म्हणताना खोलीभर येरझारा घालणाऱ्या मुलाला मी "एका जागी बस आधी" म्हणून पाट ओढून द्यायचे. आता नाही ओढत.

ब्रिटननं काय ठरवलं

यंत्र आलं तरी त्याचा उपयोग किती, हे तपासावंच लागतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या ख्रिस हॉलिस आणि सहकाऱ्यांनी १० दवाखान्यांतल्या ६ ते १७ वयाच्या २५० मुलांवर हे तपासलं. सगळ्या मुलांची क्यूबीटेस्ट झाली. अर्ध्यांचा रिपोर्ट डॉक्टरांना दिला, अर्ध्यांचा बंद ठेवला. सहा महिन्यांनी बघितलं तर रिपोर्ट मिळालेल्या गटात ७६ टक्के मुलांचा निर्णय झाला होता, दुसऱ्या गटात ५० टक्के मुलांचा. 'या मुलाला एडीएचडी नाही' असं ठामपणे सांगण्याचं प्रमाणही रिपोर्ट हातात असताना वाढलं. निदानाची अचूकता मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. थोडक्यात, यंत्रानं डॉक्टरला जास्त हुशार केलं नाही, लवकर निर्णयापर्यंत आणलं. जिथे मुलं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तपासणीच्या रांगेत असतात, तिथे ही लहान गोष्ट नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं, जी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं काय वापरावं हे ठरवते, ६ ते १७ वयासाठी निदानाला मदत म्हणून या चाचणीचा पर्याय मान्य केला. अट एकच : नेहमीच्या पूर्ण तपासणीच्या जोडीनं. औषधाचा परिणाम बघण्यासाठी ती वापरायची तर आणखी संशोधन हवं, असंही सांगितलं. या चाचणीवरचे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या २०२३ सालच्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्षही तोच होता की नुसत्या तिच्या आकड्यांवर एडीएचडी असलेलं आणि नसलेलं मूल पुरेसं वेगळं काढता येत नाही.

शाळेतलं शिबिर का नको

मग सगळ्या शाळेचीच एकदा चाचणी करून का टाकू नये? डोळ्यांची करतात, दातांची करतात. पालक सभेत हा प्रस्ताव आला तेव्हा मीही आधी मान डोलावली होती. कागदावर गणित मांडल्यावर मत बदललं.

जगभरात साधारण ५ टक्के मुलांना एडीएचडी असतो असा अंदाज आहे. समजा आपली चाचणी चांगली आहे : एडीएचडी असलेल्या १०० पैकी ८० मुलांना ती बरोबर पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ८० मुलांना बरोबर सोडते. हे ८० मी उदाहरणासाठी धरले आहेत. आता १०० मुलांचा एक गट घ्या. त्यात ५ जणांना एडीएचडी आहे. चाचणी ४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५ मधल्या २० टक्क्यांना, म्हणजे १९ जणांना, ती चुकून पकडेल. हात वर झाले २३, खरे त्यातले ४. उरलेल्या १९ मुलांच्या घरी त्या रात्री काय होईल?

आता तीच चाचणी दवाखान्यात करा, जिथे डॉक्टरांनी बोलून, विचारून, निवडून मुलं पाठवली आहेत आणि समजा १०० पैकी ५० जणांना खरोखर एडीएचडी आहे. पकडले जातील ५०. त्यातले ४० खरे, १० चुकीचे. यंत्र तेच, चौकोन तेच. बदललं काय, तर आधी कुणीतरी त्या मुलाबद्दल नीट विचारपूस केली होती. शाळेत मोफत लक्ष-तपासणी शिबिर घेतो म्हणून कुणी आलं तर मुख्याध्यापकांनी हे गणित फळ्यावर मांडावं.

त्या विचारपुशीचे नियम ठरलेले आहेत. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत लक्षाची ९ आणि चंचलपणाची ९ लक्षणं दिली आहेत. मुलात दोन्हींपैकी एका गटातली किमान ६ असावीत, सहा महिने टिकलेली असावीत, त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून दिसत असावीत, आणि कमीत कमी दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत वगैरे. या यादीत कॉम्प्युटरच्या चाचणीचा निकाल कुठेही नाही. आपल्याकडे इनक्लेन या संस्थेच्या पुढाकारानं ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी भारतीय प्रश्नावली तयार झाली आहे, तीही मुलाच्या आईवडिलांशी बोलूनच भरायची असते.

'दोन ठिकाणी' ही अट आपल्याकडे सगळ्यात अवघड जाते. साठ मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येकाबद्दल १८ प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळ नसतो. आमचा शाळेचा फॉर्म तीन आठवडे दप्तरात फिरला. शेवटी मी मधल्या सुट्टीत बाईंजवळ बसून एकेक ओळ वाचून दाखवली आणि त्यांनी खुणा केल्या. त्यात त्या सहज बोलून गेल्या की तो शेवटच्या तासाला जास्त बिघडतो आणि पहिल्या बाकावर बसवला की बरा असतो. चाचणीच्या २२ मिनिटांत हे कधीच आलं नसतं. वर्गात सगळ्यात लहान कोण आहे, हेही बाईंनाच माहीत असतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर आहे. तिथे २०१२ सालच्या अभ्यासात डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलग्यांना, जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त प्रमाणात एडीएचडी ठरवलं गेल्याचं दिसलं. मुलींमध्ये हा फरक ७० टक्के होता. लहान असणं हा आजार नव्हे.

लक्ष न टिकण्याची दुसरी कारणंही पुष्कळ. रात्री घोरणारं, तोंडानं श्वास घेणारं मूल नीट झोपलेलंच नसतं. कानात पाणी साचून कमी ऐकू येतं, चष्म्याचा नंबर कळलेला नसतो, रक्त कमी असतं, थायरॉइड असतो, घरात भांडणं चालू असतात. काही मुलांना चक्क फिट येत असते, पण हातपाय न झटकता. मूल काही सेकंद नुसतं बघत राहतं आणि परत येतं. वर्गात ते 'लक्ष नाही' असंच दिसतं. अध्ययन अक्षमता असलेलं मूल वाचनाच्या तासाला चुळबुळतं, कारण त्याला अक्षरं लागत नाहीत. या सगळ्यांचे आकडे चाचणीत खराब येऊ शकतात. उलट नव्या खोलीत, अनोळखी बाईंसमोर, एकट्यानं बसलेलं खरोखर एडीएचडी असलेलं मूल २० मिनिटं छान निभावूनही नेतं. आमच्या मुलाच्या रिपोर्टचा पहिला पाव भाग अगदी नीटनेटका होता. पुढचा उतरत गेला.

मेंदूच्या लहरींवरून निदान करणारं यंत्रही आहे. अमेरिकेच्या एफडीएनं २०१३ मध्ये अशा एका उपकरणाला, डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून, परवानगी दिली. पण २०१६ मध्ये तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं संथ आणि वेगवान लहरींच्या गुणोत्तरावरून नेहमीच्या व्यवहारात निदान करू नये असा सल्ला दिला. आपल्याकडे 'ब्रेन मॅपिंग पॅकेज' म्हणून जे विकलं जातं ते घेण्याआधी हे आठवावं. बोटांच्या ठशांवरून मुलाची एकाग्रता सांगणाऱ्या डीएमआयटीला तर कसलाही शास्त्रीय आधार नाही. त्या पैशांत कान, डोळे आणि रक्त, तिन्ही तपासून होतात.

जायच्या आधी, आल्यावर

आदल्या रात्री मुलाला झोप पूर्ण मिळू द्या. सर्दी-ताप असेल तर पुढची तारीख घ्या. चष्मा विसरू नका. पोटभर नाश्ता, पण चहा नको. चहातल्या कॅफिननं जागेपण वाढतं आणि आपल्याकडे सकाळचा चहा-चपाती मुलांनाही असते. चालू असलेली सगळी औषधं, खोकल्याचंसुद्धा, डॉक्टरांना सांगा. घरी सराव घेऊ नका. "परीक्षा आहे, नीट कर" म्हणू नका. "एक कंटाळवाणं काम आहे, जमेल तसं कर, मी बाहेरच आहे" एवढं पुरे. सूचना त्याला समजणाऱ्या भाषेत दिल्या का आणि सुरुवातीला सरावाची फेरी झाली का, हे मात्र खात्रीनं विचारा.

औषध सुरू करायचं ठरलं, उदाहरणार्थ मिथाइलफेनिडेट, तर काही डॉक्टर एकदा औषधाशिवाय आणि एकदा डोस दिल्यावर तास-दीड तासानं चाचणी घेऊन दोन रिपोर्ट शेजारी ठेवतात. मुलाची तुलना तेव्हा परदेशातल्या कुणाशी नसून त्याच्याशीच असते, म्हणून मला हा उपयोग पटतो. तरीही बाईंना 'गेल्या पंधरवड्यात काही फरक वाटला का' हे विचारावंच लागतं.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून सगळ्यात आधी विचारलं, "तो किती वाजता झोपतो?" मग जन्माच्या वेळचं, मग बालवाडीतलं, मग मी आणि त्याचे बाबा लहानपणी कसे होतो ते. पाऊण तास गेला. मग त्यांनी रिपोर्ट उघडला, उतरत गेलेल्या रेघेवर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई जे शेवटच्या तासाबद्दल सांगतात, ते हे असावं." त्या महिन्यापासून त्याचा गृहपाठ आम्ही दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घ्यायला लागलो, मधे अंगणात एक चक्कर.